काहाले?

शिलाई मशीनखाली बसून तो पायडल धरून ठेवतो.
"मम्मी, सुई आधी खाली जाते का वर?"
हात काढ, बोट सापडेल.
"आधी सांग."

दुर्वेश. वय साडेचार.
आज मी ठरवलं, मोजायचं.
प्रश्नाला एक रेघ, कापडावरच्या निळ्या खडूनं,
मशीनच्या फळीवर, हेमराजला दाखवायला
(त्याला वाटतं मी दिवसभर सावलीत बसलेली असते).
दहाच्या आत फळी भरली.
"ह्या रेघा कशाच्या?"
तीही मांडली.

मे महिन्यात निंभोऱ्याची गल्ली
अकरालाच दारं लावून घेते.
पेपरात सेहेचाळीस.
"सेहेचाळीस काय?"
अंश.
"कोणाचे?"

तापी कोणावर तापली.
सातपुडा घड्यांचा आहे तर त्याला इस्त्री काहाले नाही केली.
भरताचं वांगं विस्तवावर शिट्टी मारतं
ते कोणाला बोलावतं.
कांदेबागेतले कांदे कुठे गेले.

हे एक मला येत होतं.
कांदे लावायच्या दिवसांत ती केळी लावतात, म्हणून, बाळा.
मी जरा ताठ बसले.
"मग कांद्याच्या वावराला केळीबाग म्हणतात का?"

कोकिळाताई झोपे मापाला आल्या,
मी टेप गुंडाळली त्यांच्याभोवती,
आणि खालून आवाज:
"ह्या कितव्या इंचाला संपतात?"
त्या हसल्या. ब्लाउज मात्र
दुसरीकडे टाकला, असं नंतर कळलं.

उपाय करून झालेत सगळे.
देवाला माहीत म्हटलं, तर त्याचा नंबर मागितला.
मोठा झालास की कळेल म्हटलं,
तर चौकटीला पाठ लावून उभा राहिला, डोक्यावर खडूची खूण केली,
भात शिजेपर्यंत थांबून पुन्हा मोजली.
"झालो?"
एकदा ओरडलेच, गुपचूप बस!
बसला. एक अख्खी बाही शिवून झाली.
मग अगदी हळू:
"गुप म्हणजेच चूप ना? मग दोनदा काहाले?"

चारनंतर हेमराजचा डबा घेऊन आम्ही बागेत गेलो.
कापणी चालू होती. बांधावर ट्रक,
घड उतरवून गोधड्यांवर मांडलेले,
आणि रुबाब तडवी एकेका खांबाला
एकाच घावात आडवं करत होता.
कापल्या जागेतून पाणी गळत राहतं
बराच वेळ, झाडाला अजून कळलेलं नसल्यासारखं.

"घड तर काढला. आता तिला काहाले कापता?"

रुबाबभाऊंनी घाम पुसला.
"एकदाच येते ती, राजा. आता पिलाले जागा पायजे ना."
आणि पायानं दाखवलं,
बुंध्याशी उभं हिरवं, त्याच्याच उंचीचं.

दुर्वेशनं पिलाकडे बघितलं.
पाण्याकडे.
मग माझ्याकडे, वरपासून खालपर्यंत,
मी कोकिळाताईंना बघते तसं, मापाला.
मी उत्तर जुळवायला लागले, दोन-तीन जुळवलीही.
त्यानं विचारलंच नाही.

परतीच्या वाटेवर रेल्वेफाटक बंद.
मालगाडी गेली, अठ्ठावन्न डबे, मीच मोजले,
त्याचं लक्ष नव्हतं. माझं बोट
त्यानं नेहमीपेक्षा घट्ट धरलेलं.
विचार ना रे काहीतरी, मी म्हटलं.
"तू विचार."

मला एकही सुचेना.
फाटक उघडलं, मोटारसायकली निघून गेल्या,
आम्ही तिथेच.

रात्री गच्चीवर, गाद्या अजून गरम.
तो मधे झोपला, तोंड माझ्या कुशीत.
मी हेमराजला हलवलं.
अहो, सुई आधी खाली जाते का वर?
सतरा वर्षं मशीन चालवते मी,
आणि आज दिवसभर नुसती बघत होते तिच्याकडे.

"आं?" तो कूस बदलत म्हणाला, "काहाले?"

आणि मधून, झोपलाय असं वाटलेला आवाज:
"पप्पाची पण एक रेघ मांड."